खड्डा घरीच राहिला

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे, आणि मला एका जागी बसायला सांगू नका. तेवढं सोडून काहीही सांगा.

धोटा म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. मागावर उभे धागे ताणून लावलेले असतात. त्यांच्या मधून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडं पळतो, तो मी. होडीसारखा माझा आकार, वीतभर लांबी आणि पोटात सुताची कांडी. विणकरानं उजव्या हातानं मला फेकायचं, डाव्यानं झेलायचं. मग डाव्यानं फेकायचं, उजव्यानं झेलायचं. असं मी उभं आयुष्य पळालो. आणि आता बघा, काचेच्या पेटीत लाल कापडावर मला निजवून ठेवलंय. शेजारी पाटी आहे, 'हात लावू नये'. अहो, हातच लागला नाही तर मी धोटा कसला? दिवसभर माझी नुसती चुळबूळ चाललेली असते.

थांबा, मी फार पुढं पळालो. मागं येतो. ही माझी खोडच आहे.

निजामाचं राज्य होतं त्या काळात मुरूम गावच्या एका सुतारानं शिसवाच्या तुकड्यातून मला घडवलं. माणूस मोठा चिकट. तासून, घासून झालं की तो मला स्वतःच्या मिशीवरून फिरवायचा. एक केस जरी अडकला, तरी पुन्हा घासायला बसायचा. 'जो मिशीत अडकत न्हाय, तो सुतात अडकत न्हाय,' असं त्याचं म्हणणं. मिशी निम्मी झाली तेव्हा कुठं मी त्याच्या मनास आलो.

तिथून मला गुरुलिंगअप्पांनी घरी नेलं. नळदुर्गाच्या पुढं, कानडी मुलखाला लागून त्यांचं गाव. घर म्हणजे एक लांबट खोली, आणि त्या खोलीत खड्ड्याचा माग. जमिनीत कमरेएवढा खड्डा खणलेला. अप्पा खड्ड्याच्या काठावर बसायचे, पाय आत सोडायचे आणि आतल्या लाकडी पावड्या पायांनी दाबायचे. एक पावडी दाबली की निम्मे धागे वर जायचे, दुसरी दाबली की उरलेले. त्या फटीतून मी सुटायचो. बाहेर उन्हानं जमीन तडकत असली तरी खड्ड्यात गारवा असायचा. त्या गारव्यानं सूत मऊ राहायचं आणि तुटायचं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा घोळ ह्याच खड्ड्यानं घातला.

अप्पांच्या बायकोचं नाव गजराबाई. त्या चरख्यावर माझ्या कांड्या भरायच्या. हात असा चालायचा, की अप्पांची एक कांडी संपेपर्यंत त्यांच्या चार भरून तयार. मग त्या अप्पांना डिवचायच्या, "अवं, झोप लागली का तुमाला? माझ्या कांड्यांना बुरशी यायची." अप्पा माझा वेग वाढवायचे, आणि मला तर तेच हवं असायचं.

रझाकारांच्या गडबडीत गाव रिकामं झालं. अप्पाही बायको-मुलींना घेऊन सोलापूरच्या बाजूला निघाले. गजराबाईंनी मला कमरेला खोचलं. अप्पा वैतागले, "लाकडाचा तुकडा कशाला वागवतीस?" त्या म्हणाल्या, "माग हितंच ऱ्हानार. ह्यो संगट असला म्हंजे परत यायचं ध्यानात ऱ्हाईल." पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं आणि आम्ही परत आलो. मागावर कोळ्यांनी जाळी विणली होती. कोळी तेवढे कामसू निघाले म्हणायचे.

त्यानंतरची वर्षं माझ्या मानाची. अप्पांच्या लुगड्याचं नाव तुळजापूरच्या बाजारात होतं. बायका काठ चिमटीत धरून म्हणायच्या, हे लुगडं लेकीच्या लेकीला पुरेल. मला ते ऐकून इतकं बरं वाटायचं, की दुसऱ्या दिवशी मी एखाद वेळी हातातून निसटायचोच. अप्पा मला उचलून पुसायचे आणि पुन्हा फेकायचे.

ह्या घराची एक रीत होती. लेकीला सातवा महिना लागला की तिची ओटी भरायची, आणि त्या ओटीचं लुगडं बापानं स्वतःच्या हातानं विणलेलं असायचं. विकतचं चालायचं नाही. अप्पांना तीन लेकी. थोरल्या दोघींची लुगडी आम्ही मिळून विणली. राहिली होती धाकटी नीलव्वा. ती आळंदला दिलेली. पूर्वी आळंद आणि आम्ही एकाच राज्यात होतो. मग राज्यांची नवी वाटणी झाली, आळंद म्हैसूरकडं गेलं आणि आम्ही मुंबईकडं. लेक तेवढ्याच कोसांवर होती, पण गजराबाई म्हणायच्या, "पोरगी परमुलखात गेली."

तोवर दिवस फिरले होते. सोलापूरच्या यंत्रमागांची लुगडी गाडे भरभरून येऊ लागली. आमच्या गल्लीतले माग एकेक करून बंद पडले. नुसते बंद पडते तर चाललं असतं. शेजारच्या मागाची लाकडं त्या घरच्या लोकांनी अंघोळीचं पाणी तापवायला चुलीत घातली. त्या धुराचा वास आला तेव्हा मी कोनाड्यात होतो. त्या दिवसापासून जो जीव धास्तावला तो धास्तावलाच. त्यात अप्पांच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, आला. तुटलेला धागा त्यांना दिसेना, बोटांनी चाचपून शोधावा लागे. नीलव्वाला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मागावर शेवटचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला. "येवढं एक हुईल माझ्याच्यानं," ते म्हणाले.

लुगडं निम्मं विणून झालं होतं, तेव्हा दत्तोपंत मास्तर घरी आले.

दत्तोपंत तुळजापूरचे, चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाले होते, पण निवांत बसणं काही जमत नव्हतं. म्हणजे जातीचे माझेच. आमच्या गावाबाहेर कापसाच्या जिनिंगचा जुना कारखाना होता. दगडी भिंती, वर पत्रा, एक धुराडं. तो कधीचा बंद पडला होता. मास्तरांच्या मनात आलं, इथं जुन्या विणकामाचं संग्रहालय करावं. गावातली माणसं त्याला अजबखाना म्हणू लागली. मास्तरांनी कारखान्याच्या मालकांना गाठलं, त्यांचे उंबरे झिजवले. मालकांनी शेवटी इमारत दिली, पण एका अटीवर. आतली शहाबादी फरशी त्यांच्या वडिलांनी हौसेनं घातली होती; तिला टिकाव लावायचा नाही. मास्तरांनी शब्द दिला.

"अप्पा, तुमचा माग द्या," मास्तर म्हणाले. "सरपणात जाण्यापेक्षा लोक तरी बघतील. तुम्ही तिथं येऊन बसा, चार लोकांसमोर विणा. हे लुगडंही तिथंच पुरं करा आणि लेकीला द्या."

अप्पांनी गजराबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "जळन्यापरीस बरं की." झालं. दुसऱ्याच दिवशी बैलगाडी आली. विणलेलं निम्मं लुगडं आणि न विणलेला ताणा मागाच्या लाटांवर, म्हणजे गोल दांड्यांवर, तसाच गुंडाळला, सगळी लाकडं सुटी केली, मला एका फडक्यात बांधलं आणि आमची वरात निघाली.

आता ह्या लोकांची आणखी एक रीत सांगायला हवी. अप्पांच्या समाजात माणूस गेलं की त्याला खड्ड्यात बसवून माती देतात. त्यामुळं माणूस बसेल एवढा रिकामा खड्डा घरात कुणी उघडा ठेवत नाही. माग घरातून हलला, की आमच्या गल्लीत त्याच दिवशी खड्डा बुजवतात आणि तो पुन्हा उकरत नाहीत. अप्पांनीही तेच केलं. विभूती टाकली, पाच मुठी जोंधळे टाकले, माती लोटली आणि गजराबाईंनी वरून सारवून घेतलं.

तिकडं कारखान्यात मास्तरांनी मोठ्या प्रेमानं माग मांडला. गुळगुळीत फरशीवर चारी खुंट उभे केले, लाटा बसवल्या, ताणा ओढला. अप्पा आले. त्यांनी मागाभोवती एक चक्कर मारली. मग खाली वाकले, फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, खड्डा?"

"कसला खड्डा?" मास्तरांनी विचारलं.

मागाला खड्डा असतो हे सांगायचं असतं, हेच अप्पांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. माशाला पाणी लागतं असं कोणी सांगत बसतं का? आणि मास्तरांच्या लेखी माग म्हणजे गाडीत मावतं ते. दोघंही शहाणे, दोघंही सज्जन आणि दोघांनी मिळून माझा निम्मा माग घरी पुरून टाकला होता.

अप्पा फरशीवर बसले आणि ताण्याखाली पाय लांब करून बघितले. पावड्या फरशीवर पसरल्या होत्या, दाबणार कुठं? ते उठले, धोतर झटकलं आणि घरी गेले. मला मास्तरांनी त्या पेटीत ठेवलं.

मित्रांनो, ते दिवस मला आठवले की अजून अंगावर काटा येतो. माझ्या पोटात कांडी भरलेली, तिचा धागा मध्येच तोडलेला. समोर निम्मं लुगडं. माघ निम्मा सरलेला, आणि फाल्गुनात नीलव्वाला सातवा लागणार. मी काचेला कान लावून बसलो होतो. कुणाची चाहूल लागली की वाटायचं, आले अप्पा. यायची ती पाल.

मास्तर काही स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी दगडांचे चौथरे रचून माग वर उचलला, अप्पांना बसायला फळी केली. अप्पांनी मला हातात घेतलं तेव्हा मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. पण खुंट जमिनीत रोवलेले नव्हते. आडवा धागा घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका बसला की माग डुलायचा. त्यात वर पत्रा तापलेला, खालून गारवा नाही. सूत कडकडीत झालं आणि पटापट तुटू लागलं. अप्पा तुटलेली टोकं चाचपत राहिले. मग त्यांनी मला खाली ठेवलं.

"न्हाय हुनार, मास्तर," ते म्हणाले.

मास्तरांनी फरशीकडं बघितलं. "मी फरशी काढतो," ते म्हणाले. "मालकांना काय सांगायचं ते सांगेन."

"नगा. माझ्यापायी दिलेला शब्द मोडू नगा," अप्पा म्हणाले. "नीलव्वाला सांगतो की बापाचं डोळं गेलं."

गजराबाई भाकरी घेऊन आल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं. भाकरीचं फडकं फरशीवर ठेवून त्या तशाच मागं फिरल्या.

त्या घरी गेल्या आणि कुदळ घेऊन स्वतः सारवलेली जमीन उकरू लागल्या. ही गोष्ट गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? अप्पांचे चुलते शरणबसप्पा काठी टेकत आले. वयानं मोठे, त्यांच्या शब्दाबाहेर गल्ली नव्हती. पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण बातमी ऐकताच अप्पा मला उचलून मुठीत धरूनच घराकडं धावले होते. पेटीत परत ठेवायचं त्यांना सुचलंच नाही.

"गजरा, बुजवलेला खड्डा उकरत न्हाईत," शरणबसप्पा म्हणाले. "लेक पोटुशी हाय. घरात उघडा खड्डा म्हंजे मढ्याला बोलावनं."

गजराबाई खड्ड्यात गुडघाभर उतरल्या होत्या. कपाळावर माती, पदर खोचलेला. चुलतसासऱ्यासमोर त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, तो आजही चढला नाही.

"मामंजी, मला बी भ्या वाटतंय. लई भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "पर तीस वर्सं हे ह्याच खड्ड्यात पाय सोडून बसले. ह्याच्यावर तीन लेकी वाढल्या, उजवल्या. खाऊ घालनारा खड्डा आताच गिळायला कसा उठंल? आन् थोरल्या दोघींना बापाचं लुगडं, आन् धाकटीला न्हाय, आसं तोंड म्या तिला दावनार न्हाय."

शरणबसप्पा अप्पांकडं वळले. "तू काय म्हंतोस, गुरुलिंगा?"

अप्पा घाबरले होते. माझ्याभोवतीची त्यांची मूठ घामानं ओली झाली होती. तरी त्यांनी मला कोनाड्यात ठेवलं आणि टोपली घेऊन माती बाहेर काढू लागले. शरणबसप्पा काठी आपटत निघून गेले.

आता पंचाईत मास्तरांची. संग्रहालयाचं उद्घाटन तोंडावर आलेलं, जिल्ह्याहून मोठे साहेब यायचे, आणि अप्पा दारात उभे, "माग परत द्या." मास्तरांनी एक मोठा सुस्कारा टाकला आणि गाडी जोडायला सांगितली. रिकाम्या जागी त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात पाटी लिहून ठेवली, 'माग कामाला गेला आहे.'

माग पुन्हा जुन्या जागी रोवला. अप्पांनी पाय खड्ड्यात सोडले आणि लगेच वर ओढून घेतले. गजराबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "म्या बसलीय हितं. फेका तुमी," त्या म्हणाल्या. अप्पांनी पाय पुन्हा आत सोडले आणि मला फेकलं.

काय सांगू तुम्हाला? इतके दिवस कोंडलेला मी असा सुटलो, की पहिल्याच फेकीला हातातून निसटून चुलीपाशी गेलो. गजराबाईंनी मला उचललं, "उतावळा मेला," म्हणाल्या आणि अप्पांच्या हातात दिलं. मग जमलं. धागा तुटला की गजराबाई शोधून गाठ मारायच्या, अप्पा फणी ठोकायचे. एकाचे डोळे आणि एकाचे हात, असं ते लुगडं पुढं सरकत होतं. आणि मी पळत होतो. मध्येच कुठं जरा थांबलं, की माझ्या मनात यायचं, अहो, ओटीचा दिवस येतोय, चला.

उद्घाटनाला आलेल्या लोकांनी ती पाटी वाचली आणि विचारलं, कामाला म्हणजे कुठं? मास्तर सगळ्यांना घेऊन आमच्या दारात आले. शाळेची पोरं, गावकरी, पुढं मोठे साहेब. दारात ही गर्दी झाली. गजराबाईंनी मान वर न करताच सांगितलं, "उजेड सोडा. धागा दिसंना." साहेब मुकाट्यानं बाजूला सरकले. मग सगळ्यांनी भिंतीला चिकटून माझी धावपळ बघितली. एवढ्या लोकांपुढं मी एकदाही पडलो नाही, हे मुद्दाम सांगतो.

ओटीच्या आदल्या दिवशी लुगडं मागावरून उतरलं. हिरवं, इरकली काठाचं. मधोमध जिथं काम थांबलं होतं, तिथं वीण जराशी सैल होती. ती अप्पांच्या बोटांना लागली आणि ते हळहळले. नीलव्वा ते नेसली, बापाच्या पाया पडायला वाकली, तर अप्पांनी तिला वाकूच दिलं नाही. "आता तुला वाकायचं न्हाय," म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले. गजराबाई मात्र सगळ्यांसमोर रडल्या, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

होळी झाल्यावर मास्तरांची गाडी माग न्यायला आली. गाडीपाठोपाठ शरणबसप्पाही आले. "आता तरी बुजवा," ते म्हणाले. नीलव्वा बाळंतपणासाठी माहेरीच थांबली होती. गजराबाईंनी खड्ड्यावर दोन फळ्या टाकल्या आणि म्हणाल्या, "ह्या बारीला म्या बुजवनार न्हाय." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांच्या पोटात भीती होती, हे मी रोज बघत होतो. फळ्यांवर पाय पडू नये म्हणून त्या भिंतीच्या कडेनं जायच्या. कुत्रं रडलं तरी त्या दचकायच्या. मी मागाबरोबर जायचा होतो, पण कोनाड्यातच विसरला गेलो, म्हणून त्यांच्या काळजीचा वाटेकरी झालो.

वैशाखात नीलव्वाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पण ऊन असं, की खोलीची भट्टी झाली होती. पोर तापली, लालबुंद झाली, दूध घेईना. ओले पडदे लावले, वारा घातला, पोर रडायची थांबेना. गजराबाई खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी खड्ड्यावरच्या फळ्या ओढून बाजूला केल्या. आतून गारवा वर आला. त्यांनी आढ्याला दोर बांधला, ते हिरवं लुगडं दुहेरी करून त्याची झोळी केली आणि ती खड्ड्यात अर्धी उतरेल अशी टांगली. तान्ह्या बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात. माझ्या दोन्ही टोकांना लोखंड आहे, म्हणून मला फडक्यात गुंडाळून बाळाच्या उशाखाली सरकवलं.

पोर रडायची थांबली. थोड्या वेळानं चुटूचुटू आवाज करत झोपली.

शरणबसप्पांना बातमी लागलीच. ते आले, दारात थांबले. उघडा खड्डा, त्यात लोंबणारी झोळी आणि झोळीत झोपलेली पणती. गजराबाई उठून उभ्या राहिल्या. आता काय ऐकावं लागतंय, ह्या विचारानं त्यांचा चेहरा उतरला होता. म्हातारबुवांनी काठी भिंतीला लावली, पायताण काढलं, खड्ड्याच्या काठावर बसले आणि दोन्ही पाय आत सोडले.

"गार हाय की गं," ते म्हणाले, आणि झोळीची दोरी ओढू लागले.

बारशानंतर मास्तर मला मागायला आले, आणि तेव्हापासून मी ह्या पेटीत आहे. अप्पा आता विणत नाहीत. सकाळी काठी टेकत येतात आणि पोरांना माग समजावून सांगतात. फरशी शाबूत आहे. ज्याला माग कसा चालायचा ते समजून घ्यायचंय त्याला मास्तर आधी गजराबाईंच्या घरी पाठवतात, खड्डा बघायला. उन्हाळ्यात तिथं आता गल्लीतली सगळीच तान्ही झोपतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. मी सांगतो, जपायला नेण्याआधी विचारा, हिचं काही घरी तर राहिलं नाही ना? आणि नेल्यावर अधूनमधून हातात घ्या. पुसून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. ते आम्हाला धुळीपासून वाचवतं, एकटेपणापासून नाही.

आमच्या गल्लीत कुणाकडं बाळ झालं की उशाशी ठेवायला मला घेऊन जातात. मास्तर लगेच पेटी उघडतात. मागच्या श्रावणात एकदा गेलो होतो. त्यानंतर कुणी आलेलं नाही, आणि मला इथं चैन पडत नाही. तुमच्या घरी बाळ होणार असेल तर मास्तरांना निरोप द्या. उन्हातान्हात, कितीही लांब यायला मी तयार आहे.